दीर्घिकांचा कल

वैशाखातील निरभ्र रात्री, दहाच्या सुमारास, महाराष्ट्राच्या आकाशात जवळजवळ माथ्यावर अरुंधती केश हा तारकासमूह येतो. पश्चिमेला उत्तरा फाल्गुनी, पूर्वेला तेजस्वी स्वाती, आणि या दोहोंमधल्या रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यात अंधुक ताऱ्यांचा एक विरळ पुंजका. शहराच्या उजेडात तो दिसत नाही. गावाकडच्या अंगणात नजर अंधाराला सरावली की मात्र हळूहळू उमटतो. हे तारे आपल्यापासून अवघ्या पावणेतीनशे प्रकाशवर्षांवर आहेत. त्यांच्या किंचित पूर्वेस, परंतु दहा लाख पटींहून अधिक दूर, म्हणजे सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, एक निराळाच समुदाय वसला आहे. त्यात तारे सुटे नाहीत, संपूर्ण दीर्घिका आहेत; एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे, आणि अशा हजाराहून अधिक दीर्घिका एकत्र. खगोलशास्त्रज्ञ याला कोमा समूह म्हणतात.

मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या या समूहाच्या छायाचित्रात प्रत्येक दीर्घिका एखाद्या तांदळाच्या दाण्यासारखी दिसते. काही दाणे जाड, काही बारीक, काही जवळजवळ गोल. बहुतेकांना एक लांबट बाजू असते, आणि जिथे लांबट बाजू आहे तिथे दिशाही आली. परातीत मूठभर तांदूळ उधळले तर दाणे वाटेल त्या दिशांनी पडतात. पण सगळ्या दाण्यांची टोके परातीच्या मध्याकडे वळलेली दिसली, तर घरातील कोणीही म्हणेल की यांना कुणीतरी हात लावला आहे. आकाशातील या परातीला कुणाचा हात लागला आहे का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके विचारीत आले आहेत. त्याचे उत्तर अनेकदा बदलले आणि ते बदलण्याची कारणे उत्तराइतकीच बोधप्रद आहेत.

प्रथम समूह म्हणजे काय, हे थोडक्यात पाहावे. गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या विश्वातील वस्तूंपैकी सर्वांत मोठ्या वस्तू म्हणजे दीर्घिकांचे समूह. एका मोठ्या समूहाचे वस्तुमान सूर्याच्या शेकडो लाख कोटी पट भरते. दीर्घिका त्यात सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतात. इतक्या वेगाने फिरणाऱ्या दीर्घिका केव्हाच पांगून जायला हव्या होत्या. त्या पांगत नाहीत, याचा अर्थ दिसणाऱ्या पदार्थापेक्षा कितीतरी अधिक न दिसणारा पदार्थ त्यांना धरून आहे, असा निष्कर्ष फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली याच कोमा समूहावरून काढला. त्या अदृश्य पदार्थाला आज कृष्णद्रव्य म्हणतात. समूहातील दीर्घिका म्हणजे या कृष्णद्रव्याच्या विशाल डोहात तरंगणारे दिवे होत. डोहाचा आकार आपल्याला दिसत नाही. दिवे कोठे आहेत आणि कसे कललेले आहेत, एवढेच दिसते. म्हणूनच त्यांच्या कलाला महत्त्व आहे.

हा कल मोजणे वाटते तितके सोपे नाही. अवकाशाला तीन मिती आहेत आणि छायाचित्राला दोन. आपल्या दिशेने टोक करून बसलेली लांबट दीर्घिका आपल्याला गोल दिसते, आणि तिचा कल आपल्यापुरता हरवतो. चकतीसारखी सर्पिल दीर्घिका तिरकी दिसली तर तिची कोणती कड आपल्याजवळ आणि कोणती दूर, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही. त्यामुळे एकेका दीर्घिकेच्या कलावर विसंबून काहीच सिद्ध होत नाही. शेकडो, हजारो दीर्घिकांची सरासरीच काढावी लागते.

रीत साधी आहे. दीर्घिकेपासून समूहाच्या केंद्रापर्यंत एक रेषा काढायची आणि दीर्घिकेचा लांब अक्ष त्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो ते पाहायचे. कोन शून्य असेल तर दीर्घिका केंद्राकडे रोखलेली, नव्वद असेल तर आडवी. दाणे यदृच्छेने पडले असतील तर सरासरी ४५ अंश येईल. परंतु शंभर दीर्घिकांची सरासरी निव्वळ योगायोगानेही अडीच-तीन अंशांनी इकडेतिकडे होऊ शकते. अर्ध्या अंशापर्यंत खात्री हवी असेल तर सुमारे अडीच हजार दीर्घिका मोजाव्या लागतात, आणि ज्या परिणामाचा शोध चालला आहे तो स्वतःच फार तर अंश-दोन अंशांचा. ज्यांच्यापाशी भिंग, पट्टी आणि छायाचित्रांच्या काचा एवढीच सामग्री होती, त्या पिढीने हे काम हाती घेतले याचेच खरे तर नवल वाटावे.

पहिले ठाम उत्तर मिळाले ते समूहातील सर्वसामान्य सदस्यांविषयी नव्हते, प्रमुखाविषयी होते. पुष्कळ समूहांच्या मध्यभागी एक अतिविशाल लंबगोल दीर्घिका असते. इतरांपेक्षा ती कितीतरी पटींनी तेजस्वी असते आणि तिच्याभोवती अंधुक प्रकाशाचे मोठे आवरण पसरलेले असते. १९६८ साली जी. एन. शास्त्री या खगोलशास्त्रज्ञाने अशा काही समूहांचा अभ्यास करून दाखवून दिले की या महादीर्घिकेचा लांब अक्ष आणि संपूर्ण समूहाचा लांब अक्ष बहुधा एकाच दिशेला असतो. समूहाची व्याप्ती लाखो-कोटी प्रकाशवर्षांची. दीर्घिका त्या मानाने एक ठिपका. तरीही ठिपका आणि पसारा एकाच रेषेत. त्या लहानशा शोधनिबंधाकडे आरंभी फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९८२ साली बाझेलच्या ब्रुनो बिंगेली यांनी चाळीसहून अधिक समूहांवर तोच पडताळा घेतला आणि आणखी एक गोष्ट नोंदवली: काही कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरात असलेले शेजारी समूह एकमेकांच्या दिशेने लांबट झालेले दिसतात. या दुसऱ्या निरीक्षणावर वाद झाला. १९८५ साली स्ट्रबल आणि पीबल्स यांनी नव्याने मोजले तेव्हा तो परिणाम फार क्षीण भरला. पुढे अधिक समूह हाती आल्यावर बिंगेलींचे म्हणणे मुळात बरोबर असल्याचे दिसले. प्रमुख दीर्घिकेच्या कलाबाबत मात्र शंका घ्यायला जागा राहिली नाही. २०१७ साली मायकेल वेस्ट आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने घेतलेली ६५ दूरस्थ समूहांची चित्रे तपासली. त्यांतील सर्वांत दूरच्या समूहांकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला दहा अब्ज वर्षे लागली आहेत. विश्वाचे वय आजच्या जेमतेम एक तृतीयांश असतानाही प्रमुख दीर्घिका आपल्या समूहाच्या रेषेतच होत्या, असे त्यांना आढळले.

असे का व्हावे, याचे उत्तर विश्वाच्या रचनेत आहे. दीर्घिका अवकाशात समान विखुरलेल्या नाहीत. त्या लांबच लांब धाग्यांवर वसल्या आहेत, आणि धागे जिथे एकमेकांना मिळतात त्या गाठींवर समूह असतात. समूहाकडे येणारे द्रव्य सर्व बाजूंनी सारखे येत नाही. ते या धाग्यांवरून, ठरावीक वाटांनी, ओघळत येते. लहान दीर्घिका त्याच वाटेने येतात आणि मध्यभागी एकमेकींत मिसळून जातात. अब्जावधी वर्षे एकाच दिशेने भर पडत गेलेली वस्तू त्याच दिशेला लांबट होणार. बाजाराच्या गावाची वस्ती जशी हमरस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढत जाते, तशीच ही वाढ आहे. प्रमुख दीर्घिकेचा कल हा तिच्या जन्मवाटेचा पुरावा ठरतो.

आता सर्वसामान्य सदस्यांकडे वळू. खरी गुंतागुंत येथे आहे.

१९७५ साली हॉली आणि पीबल्स यांनी कोमा समूहातील दीर्घिकांचे कल मोजले. (हे पीबल्स म्हणजे ज्यांना २०१९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले तेच.) दीर्घिका केंद्राकडे किंचित रोखलेल्या असाव्यात अशी एक क्षीण खूण त्यांना दिसली, ती क्षीण आहे हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. पुढच्याच वर्षी लेर्ड थॉम्प्सन यांनाही कोमात तसाच कल आढळला. इतर समूहांत मात्र कधी काही सापडे, कधी काहीच नाही. हातावर मोजण्याइतक्या दीर्घिकांवरून काढलेले निष्कर्ष असेच हेलकावे खाणार.

त्यानंतर स्लोन सर्वेक्षण आले. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात बसवलेल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने आकाशाचा मोठा भाग अंकीय स्वरूपात टिपला आणि लक्षावधी दीर्घिकांचे आकार संगणकाने आपोआप मोजले गेले. त्या भांडाराच्या आधारे २००५ साली हवाई विद्यापीठातील मारिया परेरा आणि जेफ कून यांनी ८५ समूह तपासले, आणि सदस्य दीर्घिका केंद्राकडे रोखलेल्या असतात असे स्पष्ट उत्तर दिले. नंतरच्या काही अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. आकड्यांची उणीव आता नव्हती. तीस वर्षांची शंका फिटली असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

कारणही हाताशी होते. चंद्र आपली एकच बाजू सतत पृथ्वीकडे ठेवतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ चंद्राच्या जवळच्या अंगावर अधिक आणि दूरच्या अंगावर कमी असते, आणि या फरकाने दीर्घ काळात चंद्राचे स्वतःभोवतीचे फिरणे त्याच्या प्रदक्षिणेशी जुळून गेले. समुद्राला भरती आणणारे बल ते हेच. समूहाच्या केंद्राची अशीच ओढ सदस्य दीर्घिकांना लांबट करून आपल्याकडे वळवीत असेल, हे तर्काला धरून होते. कृष्णद्रव्याच्या संगणकीय प्रतिकृतींतही समूहात शिरलेले लहान पुंज केंद्राकडे टोक करून फिरताना दिसत होते. निरीक्षण आणि सिद्धान्त दोन्ही एकमेकांना साक्ष देत असतील, तर आणखी शोधायचे कशाला?

तरी शोधले गेले. २०११ साली जिआंगांग हाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बारकावा पाहिला. दीर्घिकेचा कल मोजण्याच्या स्लोनच्या यंत्रणेत एकाहून अधिक रीती होत्या. एका रीतीत दीर्घिकेच्या बाहेरच्या, अंधुक कडेला लंबवर्तुळ बसवून त्याचा अक्ष घेतला जाई. दुसरीत संपूर्ण प्रकाशाला एक प्रमाणित आकार जुळवून पाहिला जाई. दीर्घिका तीच, छायाचित्र तेच. तरी पहिल्या रीतीने केंद्राकडे कल दिसे आणि दुसरीने दिसत नसे. शिवाय पहिल्या रीतीने मिळणारा कल, मधली प्रमुख दीर्घिका आपल्याला जितकी अधिक तेजस्वी दिसे तितका वाढे. खऱ्या कलाला याच्याशी काय कर्तव्य? प्रमुख दीर्घिका पृथ्वीवरून किती उजळ दिसते, यावर तिच्या शेजाऱ्यांची अवकाशातील स्थिती ठरत नसते. उलगडा असा झाला: प्रमुख दीर्घिकेचे अंधुक प्रभामंडळ दूरवर पसरलेले असते. त्याचा प्रकाश शेजारच्या लहान दीर्घिकांच्या एका कडेवर सांडतो. केंद्राकडची कड त्यामुळे जराशी अधिक उजळते, आणि संगणक त्या दीर्घिकेला केंद्राच्या दिशेने लांबट ठरवतो. शेजारी प्रमुखापुढे झुकलेले दिसत होते खरे. पण झुकलेपणाचा तो आभास प्रमुखाच्याच प्रकाशाने निर्माण केला होता.

चार वर्षांनी लायडन येथील क्रिस्तोबल सिफोन आणि सहकाऱ्यांनी ९१ समूहांतील १४ हजारांहून अधिक दीर्घिकांवर पुन्हा मोजणी केली. प्रत्येक दीर्घिकेचा वर्णपट घेऊन ती खरोखर त्याच समूहाची आहे, निव्वळ त्या दिशेला दिसणारी परकी नाही, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती. त्यांचे उत्तर मोजणीच्या अचूकतेच्या मर्यादेत शून्य आले. सदस्य दीर्घिका केंद्राकडे रोखलेल्या नाहीत. प्रमुख दीर्घिकेच्या अक्षाला समांतरही नाहीत, आणि एकमेकींशीही त्यांचा मेळ नाही. परातीतील दाणे यदृच्छेने पडले आहेत.

विषय तिथेही पुरता मिटला नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०१८ साली हंग-जिन हुआंग आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या संख्येने समूह तपासले. समूहातील अधिक तेजस्वी आणि केंद्राच्या अगदी जवळच्या दीर्घिकांत त्यांना अल्पसा कल आढळला, आणि दीर्घिकेच्या आतल्या भागापेक्षा बाहेरच्या भागात तो अधिक होता. सांडलेल्या प्रकाशाचा हिशेब वजा करूनही हा थोडा अंश उरतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्यासारखे आहे. दीर्घिकेच्या बाहेरच्या कडेचे तारे सैल धरलेले असतात आणि केंद्राची ओढ प्रथम त्यांनाच जाणवते. गाभ्यातील तारे आपापसांत घट्ट बांधलेले असल्याने सहसा दाद देत नाहीत. चंद्राशी दिलेली उपमा येथे तोकडी पडते. चंद्राने पृथ्वीभोवती अब्जावधी फेऱ्या घातल्या आहेत. समूहात शिरलेल्या दीर्घिकेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायलाच अब्जभर वर्षे लागतात. विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात तिच्या अशा मोजक्याच फेऱ्या झाल्या असतील. चंद्रासारखे जखडून जायला तिला अवधीच मिळालेला नाही.

एका अंशासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर कृष्णद्रव्यात आहे. न दिसणारे द्रव्य मोजण्याचा आजचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे गुरुत्वीय भिंग. समूहाच्या पलीकडे, फार दूर असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाजवळून येताना वाकतो आणि त्या दीर्घिकांच्या प्रतिमा किंचित ताणल्या जातात. हा ताण समूहाच्या केंद्राभोवती आडव्या दिशेने, कंकणाच्या कडेसारखा असतो. बहुतेक ठिकाणी तो शेकडा एक-दोन इतकाच. डोळ्यांना दिसणे शक्य नाही, हजारो प्रतिमांच्या सरासरीतून तो वेचून काढावा लागतो. पलीकडच्या म्हणून मोजलेल्या दीर्घिकांत समूहाच्याच काही दीर्घिका चुकून मिसळल्या आणि त्या केंद्राकडे रोखलेल्या असतील, तर त्यांचा उभा कल या आडव्या ताणाला खोडून टाकील आणि समूहाचे वस्तुमान कमी भरेल. त्यावरून विश्वात कृष्णद्रव्य किती आणि विश्वाचा प्रसार कसा चालला आहे, याचा हिशेबही चुकेल. सिफोन यांच्या मोजणीमागे हीच चिंता होती, आणि त्यांच्या शून्य उत्तराचे मोल त्यामुळेच मोठे. जुलै २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेली युरोपची युक्लिड दुर्बीण आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा अब्जावधी दीर्घिकांचे आकार मोजण्यासाठीच उभारल्या आहेत. इतक्या मोठ्या संख्येत योगायोगाची चूक जवळजवळ नाहीशी होते. उरते ती सांडलेल्या प्रकाशासारखी, सर्व प्रतिमांना एकाच दिशेने फसवणारी चूक. ती संख्या वाढवून कमी होत नाही.

समूहांच्या बाहेर, धाग्यांवर राहणाऱ्या दीर्घिकांची कथा वेगळी आहे. दीर्घिका स्वतःभोवती फिरू लागतात त्या मुळातच शेजाऱ्यांच्या असमान ओढीमुळे, हा विचार १९४९ च्या सुमारास फ्रेड हॉईल यांनी मांडला. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू म्हणून हॉईल यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. पुढे पीबल्स आणि इतरांनी त्या विचाराला गणिताचा आधार दिला. आज असे दिसते की धाग्यांवरील सर्पिल दीर्घिकांचा भ्रमणाक्ष धाग्याला समांतर असण्याकडे झुकतो, तर जड लंबगोल दीर्घिकांचा धाग्याला काटकोनात. दोन्ही प्रवृत्ती सौम्य आहेत, अपवाद पुष्कळ. आपली आकाशगंगा कोणत्याही मोठ्या समूहात नाही. ती कन्या राशीतील समूहाभोवतीच्या महासमूहाच्या कडेला आहे. आसपासच्या दीर्घिका जेरार द व्होकुलर यांनी दाखवून दिलेल्या एका चपट्या पट्ट्यात पसरल्या आहेत, आणि आकाशगंगेची चकती त्या पट्ट्याशी सुमारे ८४ अंशांचा कोन करून, जवळजवळ उभी आहे.

महासमूहांच्या शोधात पुण्याचाही वाटा आहे. २०१७ साली आयुका आणि आयसर या पुण्यातील संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी, जॉयदीप बागची आणि शिशिर सांख्यायन यांच्या पुढाकाराने, मीन राशीच्या दिशेला सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला सरस्वती हे नाव दिले. त्याची व्याप्ती सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्यात चाळीसहून अधिक समूह आहेत. ज्या स्लोन सर्वेक्षणाने दीर्घिकांच्या कलाबाबत आधी चकवले आणि मग सावध केले, त्याच सर्वेक्षणाच्या नोंदींतून सरस्वती हाती आला.

पुन्हा वैशाखातल्या त्या आकाशाकडे यावे. उत्तरा फाल्गुनीच्या किंचित उत्तरेस, सिंह राशीत, कोमाइतक्याच अंतरावर दीर्घिकांचा आणखी एक समूह आहे. जॉर्ज एबेल यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या २७१२ समूहांच्या यादीत त्याचा क्रमांक १३६७. हे दोन समूह दीर्घिकांच्या एका धाग्याने जोडलेले आहेत, आणि कोमा समूह स्वतः त्या धाग्याच्या दिशेनेच लांबट झालेला आहे. आत फिरणाऱ्या हजार दीर्घिका वाटेल तशा कललेल्या; त्यांचा समूह मात्र सिंहेकडे रोखलेला. अंगणात उभे राहून हात लांब केला, तर दोन्हींमधले सारे अंतर साधारण एका वितीत बसते.